मूळ गाण्यात थोडी भर

आमच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी तयार होतात. सतारमेकर गल्लीत आजही वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. त्यामुळे मिरजेच्या पोराला सूर-तालाचं बाळकडू मिळतं, असा पुण्या-मुंबईच्या लोकांचा भाबडा समज आहे. आमच्या भाच्यालाही ते मिळालं. फक्त त्याने ते १२८ केबीपीएसला दाबून घेतलं.

भाचा म्हणजे आमच्या ताईचा धाकटा. तो डिप्लोमा करतो असं तो सांगतो, आणि रीमिक्स करतो असं गल्ली सांगते.

पूर्वी घरातलं एखादं पोर गाण्यातलं निघालं की पेटी आणावी लागे. पेटी आली की गुरुजी शोधा. गुरुजी सापडले की ते पहिलं वर्षभर नुसता सा लावायला लावत. तेवढ्यात निम्मी पोरं क्रिकेटकडे वळत आणि शेजारपाजार सुटे. आता ती चाळणीच राहिली नाही. लॅपटॉप अभ्यासासाठी म्हणून घरात आलेला असतो, सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि गुरुजी यूट्यूबवर चोवीस तास बसलेले असतात. हे गुरुजी सा लावायला सांगत नाहीत, सबस्क्राइब करायला सांगतात.

घरगुती रीमिक्सवाल्यांची कुलदैवतं दोन. एक ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी ते लिहिलं आणि २००० सालापासून ते कुणालाही फुकट आहे. दुसरं फ्रूटी लूप्स, जे २००३ पासून एफएल स्टुडिओ या भारदस्त नावाने वावरतं. ते निघालं १९९७ साली बेल्जियममध्ये, आणि तेव्हा त्यात ड्रमच्या चार ओळी मांडण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. बेल्जियमची ही वस्तू बेळगावला नेमकी कधी पोचली माहीत नाही, पण मधे जंक्शन असल्यामुळे ती आधी आमच्याकडे उतरली असणार.

यातल्या विकतच्या सॉफ्टवेअरांच्या चाचणी आवृत्त्याही मिळतात. एकीची गंमत अशी की तीत केलेलं काम साठवता येतं, पण साठवलेलं परत उघडता येत नाही. भाच्याने हे तणतणत सांगितलं, तेव्हा दाजींनी पेपर खाली ठेवून पहिल्यांदा त्याच्या छंदात रस घेतला. दाजींची उभी नोकरी सरकारी अभिलेख सांभाळण्यात गेली आहे. ते म्हणाले, ‘‘मग बरोबर आहे की. साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. दाखवायला अर्ज लागतो.’’

अर्ज करण्याचे म्हणजे पैसे भरण्याचे दिवस नव्हते. त्यामुळे भाचा गाणं एका बैठकीत उरकायला बघायचा. नाहीच उरकलं तर लॅपटॉपवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून कॉलेजला जायचा. ताई ती चिठ्ठी काढून लॅपटॉप पुसायची आणि बंद करून ठेवायची. पुढे त्याने कुण्या मित्राकडून पेनड्राइव्हवर काहीतरी आणलं, ज्याबद्दल विचारलं की तो परीक्षेबद्दल बोलायला लागतो. ते सुरू करताना पडद्यावर एक छोटी चौकट यायची आणि टिंगटिंग अशी एक धून वाजायची. त्या वर्षात त्या खोलीतून जे जे ऐकू आलं, त्यात ती धून सर्वांत सुरेल होती.

रीमिक्सची पहिली पायरी म्हणजे गाणाऱ्याला गाण्यातून बाहेर काढणं. तसं बघितलं तर हे नाट्यगृहातले प्रेक्षक पूर्वी विनायंत्र करायचे. पण घरी बसून करायची जुनी युक्ती अशी: स्टीरिओ गाण्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजू असतात. गायकाचा आवाज साधारणपणे दोन्हींत सारखा असतो. म्हणून एका बाजूतून दुसरी वजा करायची. जे सारखं ते गेलं, जे वेगळं ते राहिलं. कल्पना सातवीच्या गणिताची आहे आणि भाच्याचं सातवीचं गणित जसं होतं तसाच निकालही येतो. कारण गायकाबरोबर जे जे मध्यभागी असतं ते सगळंच उठून जातं. ढोलकी जाते, बास जातो. कडेला बसलेले व्हायोलिनवाले तेवढे राहतात. आणि गायिकेच्या आवाजावर जो घुमारा दिलेला असतो तो राहतो, कारण तो दोन्हीकडे सारखा नसतो. बाई गेल्या, पण त्यांचा हुंकार स्वयंपाकघरापर्यंत येत राहिला. ताईने त्या संध्याकाळी उदबत्ती लावली.

एकदा भाच्याने आईचं आवडतं जुनं भावगीत घेतलं. वजाबाकीचं बटण दाबलं आणि पडद्यावर एक सरळ आडवी रेघ आली. स्पीकरमधून चकार शब्द नाही.

‘‘मामा, सॉफ्टवेअर गेलं बघ.’’

सॉफ्टवेअर गेलं नव्हतं. पन्नास-साठच्या दशकातली आपली बहुतेक गाणी मोनो आहेत. डावीकडे जे तेच उजवीकडे. वजा केल्यावर बाकी शून्य, हातचा नाही. भाचा हिरमुसला, पण मला विचाराल तर त्याचं ते सर्वोत्तम रीमिक्स. जाहीर वाजवलं असतं तर गल्लीने हार घातला असता.

पुढे २०१९ साली डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला आणि वजाबाकीचा जमाना संपला. आता गाणं दिलं की आवाज वेगळा, ड्रम वेगळे, बास वेगळा आणि उरलेलं वेगळं अशा वाटण्या करून मिळतात, त्याही कोर्टकचेरी न होता. आवाजाच्या कडांना थोडी ओल येते, पण ओळख पटते. हे जमल्यावर भाच्याने काय केलं? मूळ गाण्यातली ढोलकी सोलून काढली आणि फेकून दिली. मग ‘देसी ढोलकी लूप्स’ नावाची कुठलीतरी परदेशी फाइल उतरवून तिच्या जागी बसवली. मूळ ढोलकी ज्यांनी वाजवली ते वाशीचे की वाळव्याचे कुणास ठाऊक. पण अख्ख्या गाण्यात त्यांनी एकच बोल दोनदा सारखा वाजवलेला नव्हता. फाइलमधली ढोलकी मात्र आठ मात्रांत जे बोलली तेच गाणं संपेपर्यंत बोलत राहिली.

इथून अण्णा या विषयात आले.

अण्णा वरच्या मजल्यावर राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेत आणि भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांच्या पायाखाली, म्हणजे शब्दशः त्यांच्या फरशीखाली, भाच्याची खोली आहे. एक दिवस ते खाली आले. आम्हाला वाटलं भांडायला आले. ते दारात उभे राहून थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘काय रं, हे गाणं लंगडतंय का?’’

ते लंगडतच होतं. त्याचं कारण असं की जुन्या काळी एका मोठ्या दालनात वीस-पंचवीस वादक आणि गायक एकदम बसून रेकॉर्डिंग करत. कानात टिकटिक वाजवणारं यंत्र नसे. माणसं होती, त्यामुळे दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत त्यांचे हात गरम व्हायचे आणि लय केसभर चढायची. कुणाला ते जाणवायचं नाही. जाणवायचं ते इतकंच की गाणं रंगत चाललंय. भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मिनिटाला १२८ ठोके ठरले की ठरले. पहिला अंतरा जोडीने चालतो, दुसऱ्यात बाई दोन पावलं पुढे जातात, आणि तिसऱ्या अंतऱ्याला बाई घरी पोचून चहाला आधण ठेवतात तरी ड्रम अजून वेशीपाशीच असतो.

शिवाय त्या दिवशीचं गाणं रूपकात होतं. रूपक सात मात्रांचा, भाच्याचा ठोका चाराचा. अण्णांनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं की ही दोघं निघाली की थेट अठ्ठावीस मात्रांनी भेटतात.

‘‘सम कुठाय रं तुझी?’’

‘‘अण्णा, ह्यात सम नसते. ग्रिड असते.’’

‘‘कुणाची?’’

‘‘सॉफ्टवेअरची.’’

‘‘मग गाणाऱ्या बाईंना कुणी कळवलंय का तसं?’’

अण्णा खुर्चीवर बसले. भाच्याने आवाजाची आकृती पडद्यावर मोठी केली. इतकी, की तबल्याचा एकेक आघात सुटा दिसायला लागला. आधी उभा कडा, मग उतरत गेलेली शेपटी. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘धी’ डोळ्यांनी पाहिला आणि चष्मा पुसला. मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. रूपकाची एक खासियत आहे. इतर तालांत समेवर टाळी असते, रूपकात समेवरच खाली असते. पहिल्या मात्रेला डग्गा घुमवत नाहीत, मुद्दाम. त्या रिकाम्या जागेतून मुखडा आत येतो. आमच्या भाच्याने बरोब्बर त्याच जागी, त्याला सापडलेला सर्वांत वजनदार धपाटा ठेवला होता.

‘‘दार उघडं ठेवलं होतं त्यांनी,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तू तिथं भिंत बांधलीस.’’

भाच्याने तो धपाटा पुसला. फक्त तेवढाच. गाणं पुन्हा लावलं. मी दारात होतो आणि मला संगीतातलं फार कळत नाही, पण गाणं एकदम चालायला लागलं. हा एक क्षण सोडला तर त्या खोलीत कुणी काही पुसल्याचं मी पाहिलेलं नाही.

अण्णांची भीड चेपली. पुढच्या खेपेला ते मोबाईल घेऊन आले. मंडळाच्या एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग होतं. अभंगात मागे पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला आणि ऐन शेवटी कुकरच्या शिट्ट्या होत्या. ‘‘एवढं साफ करून दे,’’ म्हणाले. अशा सफाईची एक रीत असते. ज्यात फक्त नको असलेला आवाज आहे असा तुकडा सॉफ्टवेअरला आधी दाखवायचा, म्हणजे ते तसला आवाज सगळीकडून हुडकून काढतं. भाच्याने घाईत तुकडा निवडला तो टाळांचा. सॉफ्टवेअरने इमानदारीत अख्ख्या अभंगातून टाळ धुऊन काढले. पंखा, खोकला आणि कुकर यांना धक्का लागला नाही. अण्णांनी ते शांतपणे पुरतं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘टाळकऱ्यांना बोलू नकोस. त्यातले दोघं मोठी वर्गणी देतात.’’

तर मूळ गाणं ताब्यात आलं, लयीची जुळणी कशीबशी झाली, की मग खरी मजा सुरू होते. भर घालणं. नवशिक्याला सॉफ्टवेअर शेकडो आवाज देतं आणि नवशिका ते सगळे वापरतो, कारण फुकट मिळालेलं पानात टाकायचं नाही हे संस्कार. काचा फुटतात. सायरन वाजतो. ट्रकचा हॉर्न येतो. वाघ डरकाळी फोडतो. वाघानंतर एक बंदूक झडते, बहुधा वाघासाठी. मग सगळं थांबतं, एक आवाज वर वर चढत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं आता गच्ची उडणार, आणि मग जे कोसळतं त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. गाण्याचे मूळ शब्द विरहाचे असतात. ती बिचारी वाट बघत बसलेली असते आणि तिच्या अंगणात हे सगळं.

या गदारोळात रीमिक्सकर्त्याचं नाव हरवू नये म्हणून ते गाण्यातच वाजवायची पद्धत आहे. दर अर्ध्या मिनिटाला एक गोरी बाई इंग्रजीत घोषणा करते की तुम्ही अमुक डीजेचं मिश्रण ऐकत आहात. ही बाई म्हणजे संगणकाने वाचून दाखवलेला मजकूर असतो. तिचं इंग्रजी सफाईदार आणि मराठी आडनावं मात्र जबड्यात अडकलेली. भाच्याने हौसेने नावापुढे गावाचं नाव लावलं होतं. बाईंनी मिरजेचं ‘मिराज’ केलं. म्हणजे आमचं गाव एक तर मृगजळ झालं, नाही तर लढाऊ विमान. भाच्याला ते इतकं आवडलं की आता तो स्वतःही तसंच म्हणतो. गावांचे उच्चार बिघडवायला पूर्वी इंग्रजांना जहाजाने यावं लागायचं.

आणि बास. लॅपटॉपच्या पोटातले स्पीकर इवलेसे असतात. साधारण शंभर हर्ट्झच्या खालचे आवाज त्यांच्याने जवळपास निघतच नाहीत. नवशिक्याला वाटतं बास कमी पडतोय. तो वाढवतो. तरी ऐकू येत नाही. आणखी वाढवतो. पडद्यावरची पट्टी हिरव्याची पिवळी, पिवळ्याची लाल होते. लाल म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेला, लाटांची टोकं कापली जातायत. भाच्याने याचा अर्थ ‘कडक’ असा घेतला. मग ते गाणं मित्राच्या मोठ्या स्पीकरला जोडलं जातं आणि इतके दिवस ऐकू न आलेला सगळा बास थकबाकीसकट वसूल होतो. ताईच्या स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे डबे आहेत. त्यातला रव्याचा डबा एका ठरावीक सुराला झांज वाजवल्यासारखा थरथरतो. बाकीचे डबे गप्प, तो एकटा. प्रत्येक वस्तूचा आपला एक सूर असतो आणि तो मिळाला की ती बोलते, हे शाळेत विज्ञानात शिकवलं होतं. रव्याचा कोमल गंधार आहे असं अण्णांचं मत पडलं.

आता यावर आमच्या पिढीने नाक मुरडायची रीत आहे. मूळ गाण्याची वाट लावली, आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी असंच होतं. कॅसेटच्या काळात ‘झंकार बीट्स’ म्हणून जुन्या हिंदी गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ड्रम चढवून विकत आणि ट्रकपासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे तेच वाजे. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आलं तेव्हा ते वाजवणाऱ्याला गायकापेक्षा जास्त टाळ्या पडत. २००२ साली ‘कांटा लगा’चं रीमिक्स आलं, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी १९७२ च्या ‘समाधी’तल्या मूळ गाण्याची आठवण काढून उसासे टाकले आणि व्हिडिओ मात्र संपेपर्यंत पाहिला.

त्याही मागे जायचं तर संगीत नाटकाकडे या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी ज्या चाली दिल्या त्यांतल्या कितीतरी हिंदुस्थानी चिजांवरून बेतलेल्या. तेव्हाही कुणी खाँसाहेब पुटपुटले असतीलच. गणपतीत सिनेमाच्या चालींवरच्या आरत्या तर आपण सगळ्यांनी, डोळे मिटून, म्हटल्या आहेत. अजय-अतुल यांनी ‘जत्रा’मधल्या स्वतःच्याच ‘कोंबडी पळाली’ला २०१२ च्या ‘अग्निपथ’साठी हिंदीत नेलं, तेव्हा तक्रार कोणाची करायची हा प्रश्नच होता. भर घालण्यात आपण कधीच कमी पडलेलो नाही.

मला खटकतं ते वेगळं. ही कला जिथे रुजली तिथे भर नव्हती, काढणं होतं. जमेकात किंग्स्टनला किंग टबी म्हणून एक जण होता. मूळचा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, म्हणजे आपल्या स्टेशन रोडवरच्या दुकानात हातात सोल्डरिंग गन घेऊन बसतो तो माणूस. सत्तरच्या दशकात तो तयार गाण्यांतून आवाज काढून घ्यायचा, गिटार मिटवायचा, नुसता ड्रम आणि बास ठेवायचा, मधेच गायकाचा एक शब्द येऊन विरून जायचा. त्यातून ‘डब’ नावाचा प्रकार उभा राहिला. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांना दिसलं की तीन मिनिटांत गाणं संपतं आणि रंगात आलेली माणसं नाचायची थांबतात. म्हणून त्यांनी गाणं लांबवलं, त्यात मधे बाकीचं काढून नुसता ताल ठेवला. एकदा नेहमीच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या म्हणून त्यांचं गाणं मोठ्या तबकडीवर कापलं, आवाज भरदार आला, आणि पुढे डान्सच्या गाण्यांना बारा इंची तबकडी ठरून गेली. आमच्या सतारमेकर गल्लीतसुद्धा जवारी लावतात ती घोडी घासून. लावतात म्हणायचं आणि काढायचं. भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्येही पुसायचं बटण आहे, आणि ते वापरायला पैसे लागत नाहीत.

गाणं तयार झालं की ते जगासमोर ठेवायचं. इथे कायदा भेटतो. भाच्याच्या मित्रमंडळात असा पक्का समज आहे की दुसऱ्याचं गाणं अमुक सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं. हे सेकंद माणसागणिक बदलतात, कारण आपल्या कायद्यात असा काही नियमच नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं, आणि तिघांचे हक्क वेगवेगळे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कव्हरची सोय आहे. मूळ गाणं निघाल्याच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी सूचना द्यायची, मानधन भरायचं आणि स्वतः नव्याने गाऊन-वाजवून काढायचं. मूळ रेकॉर्ड चिरून त्यात वाघ सोडायची सोय त्यात नाही.

भाच्याने गाणं चढवलं आणि तो चहा घेऊन येईपर्यंत ते अडकलं. कंपन्यांची यंत्रं गाणी ओळखून पकडतात. त्यावर मित्रांनी तोडगा सुचवला की सूर थोडा चढव, मग यंत्राला कळत नाही. भाच्याने चढवला. १९५८ साली अमेरिकेत रॉस बागदासारियन यांनी टेपच्या वेगाशी खेळून तीन खारींचं गाणं काढलं होतं आणि ते अफाट खपलं होतं. भाच्याचं गाणं चौथ्या खारीचं झालं. एक बालवाडीतली मुलगी प्रौढ विरहाबद्दल तक्रार करत होती. यंत्राने तरीही पकडलं. दाजी म्हणाले, ‘‘सरकारी खात्यात एवढी तत्परता असती तर!’’

शेवटी ते आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकाशित झालं. तिथे यंत्र नाही, आत्या आहे. आत्याने लिहिलं, ‘छान. मूळ गाणं पाठव.’

हे सगळं मी टिंगल म्हणून सांगतोय आणि ती करावीच अशी परिस्थिती आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आम्ही जुन्या गाण्यांचे भक्त ती गाणी ऐकतो म्हणजे काय करतो? दाढी करताना, भाजी निवडताना मागे लावून ठेवतो आणि मधून मधून ‘वा’ म्हणतो. हा मुलगा एकेक गाणं पडद्यावर मोठं करून तळापासून ऐकतो. दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरीवाला कणभर उशिरा येतो, हे या घरात पन्नास वर्षं ते गाणं ऐकणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. एका ठिकाणी कडवं संपताना गायिकेने घेतलेला श्वास राहून गेलाय, तो त्याने मला चार वेळा ऐकवला. तिथे त्याने काही भर घातली नाही.

मग त्याने विचारलं, ‘‘मामा, ही बासरी कुणाची?’’

मी कॅसेटचं जुनं कव्हर शोधून काढलं. त्यावर गायिकेचं नाव होतं, कवीचं होतं, संगीतकाराचं होतं, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात कंपनीचं. बासरीवाल्याचं नव्हतं. ढोलकीवाल्याचं नव्हतं. व्हायोलिनच्या रांगेतल्या एकाचंही नव्हतं. म्हणजे वादकांना गाळून गाणं लोकांपुढे ठेवायची पद्धत भाच्याने सुरू केलेली नाही. ती स्प्लीटरच्या आधीची आहे.

तेव्हा गावोगावच्या समस्त घरगुती डीजेंना एका मामाची विनंती. वाघ एकच ठेवा. पट्टी लाल झाली की खाली आणा. रूपकात समेवर धपाटा घालू नका, वरच्या मजल्यावर कुणीतरी राहत असतं. दर अर्ध्या मिनिटाला त्या गोऱ्या बाईंकडून स्वतःचं नाव पुकारून घेता, त्यातल्या एखाद्या फेरीत मूळ संगीतकाराचं नाव घालून बघा, उच्चार बिघडला तरी चालेल. मूळ ढोलकी कुणाची ते ठाऊक असेल तर तेही सांगा, कारण कव्हरवर ते मिळणार नाही. आणि २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद असतो, राहत्या वस्तीला दिवसाही पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. हे सांगूनही पटत नसेल तर हेडफोन घ्या. आम्ही भाच्याला वर्गणी काढून घेतला. सर्वांत मोठी वर्गणी अण्णांनी दिली.